लेहला जाताना : झोजीला की बारालाचा?

लेहला गाडीनेच जायचं पक्कं असेल तर श्रीनगरहून चढावं की मनालीहून, हा प्रश्न उरतोच. मी आधी मनालीहून गेलो, दोन वर्षांनी श्रीनगरहून.

देखणेपणात मनालीचा रस्ता सरस. बारालाचा खिंडीजवळचा सूरजताल, गाटा लूप्सची २१ वळणं, मोरेचं सपाट पठार, हे सगळं डोळ्यांत मावत नाही. २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून रोहतांगही चुकवता येतो.

तरी माझ्या मनात राहिली ती सर्चूची रात्र. पहिला मुक्काम केलाँगला, साधारण ३,१०० मीटरवर, आणि दुसऱ्याच रात्री एकदम ४,३०० मीटरवरचा तंबू. रात्री अकराला बायकोचं डोकं ठणकायला लागलं, मग उलट्या. विरळ हवेचा त्रास झाला की खाली उतरणं हाच खरा उपाय, एवढं मला ठाऊक होतं. पण उतरणार कुठे? मागे बारालाचा ४,९०० मीटरच्या आसपास, पुढे लाचुंगला खिंड ५,००० च्या वर. कुठेही जायचं तर आधी चढायलाच हवं. उजाडेपर्यंत तिचा हात धरून बसलो होतो.

श्रीनगरच्या वाटेवर झोजीला खिंडही सोपी नाही. कच्चा, चिखलाचा रस्ता, एका बाजूला दरी, समोरून ट्रक. आम्ही सोनमर्गच्या पुढे तीन तास अडकलो होतो. पण तिची उंची ३,५०० मीटरच्या थोडी वर, म्हणजे जवळपास लेहइतकीच. रात्री झोपायचं कारगिलला, २,७०० मीटरवर. दुसऱ्या दिवशी लागणारी फोटूला ही या रस्त्यावरची सर्वांत उंच खिंड, ४,१०८ मीटर. सर्चूचं आमचं अंथरूण तिच्याहूनही वर होतं!

शिवाय वाटेत द्रास आहे. १९९९ च्या कारगिल युद्धात रोज बातम्यांत ऐकलेलं तोलोलिंग शिखर तिथल्या स्मारकामागे इतकं जवळ उभं दिसतं, की तो चढ बघून बोलणंच खुंटतं. तिथे तासभर तरी हाताशी ठेवा.

प्रत्येकाची प्रकृती वेगळी, कुणाला सर्चूला काहीच होत नसेल. सुट्टी मोजकी असेल आणि सोबत आईवडील किंवा मुलं असतील, तर मात्र मी श्रीनगरच म्हणेन. मनालीचा रस्ता परतीला ठेवा. आम्ही दुसऱ्या खेपेला तसंच केलं. लेह परिसरात आठवडा काढून शरीर सरावलं होतं, त्यामुळे सर्चूला चहापुरतं थांबलो आणि मुक्कामाला जिस्पाला उतरलो.