टीम लीडचा हात चालता ठेवायचा तर: सर्टिफिकेट की आठवड्याला सहा तास कोड?

नाशिकमध्ये आठ-दहा जणांची टीम सांभाळणाऱ्याला वेगळा आर्किटेक्ट मिळत नाही, प्रोजेक्ट मॅनेजरही नाही. सकाळी अंबडच्या क्लायंटचा कॉल, दुपारी कोटेशन, संध्याकाळी ‘सर, पुण्याला ऑफर आहे.’ अशी तीन वर्षं गेली की पोरं काय लिहितायत ते लीडला स्टँडअपमध्ये (रोजच्या छोट्या बैठकीत) ऐकून कळतं, कोड वाचून नाही. मग कधीतरी हे खुपायला लागतं आणि समोर दोन रस्ते दिसतात. एक, क्लाउडचं सर्टिफिकेट. दोन, आठवड्याचे सहा तास राखून टीमच्याच रिपॉझिटरीत, म्हणजे सामायिक कोडसाठ्यात, काम. दोन्ही करू म्हणणारे पुष्कळ असतात, पण सहा तास काही दोनदा खर्च होत नाहीत.

सर्टिफिकेटची बाजू आधी मांडतो, कारण ते उगाच हिणवलं जातं. पैसे भरून तारीख घेतलेली असते म्हणून अभ्यास होतो, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. ॲमेझॉनच्या क्लाउडच्या सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट परीक्षेला 130 मिनिटांत 65 प्रश्न आणि 1000 पैकी 720 ला पास. रोजच्या कामात थोडाफार क्लाउड असेल तर दहा-बारा आठवड्यांत जमायला हरकत नाही. नेटवर्क, परवानग्या, बॅकअप हे विषय एरवी कोणी मुळापासून वाचत नाही, ते इथे वाचावे लागतात. प्रायव्हेट सबनेटमधून (बाहेरून थेट पोहोचता न येणाऱ्या नेटवर्कच्या भागातून) एस3 कडे, म्हणजे ॲमेझॉनच्या फाइल-साठ्याकडे, जाणारा डेटा नॅट गेटवेमधून (बाहेर जायच्या दारातून) गेला तर प्रत्येक जीबीमागे पैसे पडतात, गेटवे एंडपॉइंट (एस3 ची थेट वाट) लावला तर पडत नाहीत. एवढं एक कळलं तरी महिन्याच्या बिलात दिसतं. मुंबईच्या क्लायंटला प्रपोजलमध्ये सर्टिफाइड माणसं दाखवायची असतील किंवा नोकरी बदलायची असेल, तर चर्चाच नको, परीक्षा द्या. तीन वर्षांनी त्याची मुदत संपते, तेवढं ध्यानात असू द्या.

मला खटकतं ते वेगळंच. परीक्षा चार पर्यायांतून बरोबर उत्तर निवडायला शिकवते. लीडच्या टेबलावर पर्याय येत नाहीत, पुल रिक्वेस्ट येते, म्हणजे ‘हा बदल तपासून मुख्य कोडमध्ये घ्या’ अशी मागणी. आणि एआय टूल आल्यापासून ती जाडजूड येते. जिथे दोन दिवसांत दीडशे ओळी यायच्या तिथे आता जेवणाच्या सुट्टीआधी सहाशे. कोड देखणा, नावं नेमकी, टेस्ट सगळ्या हिरव्या. त्यावर वरवर नजर फिरवून ‘ठीक आहे, मर्ज कर’ म्हणावं लागणं, ह्या एकाच गोष्टीने माझं पारडं झुकवलं.

द्राक्ष निर्यातदाराच्या पॅकहाउसचं ॲप घ्या. स्क्रीनवर 200 प्लॉटची यादी, प्रत्येकासमोर शेतकऱ्याचं नाव. प्लॉट डेटाबेसला केलेल्या एका क्वेरीत येतात, पण शेतकरी लेझी, म्हणजे मागितल्यावरच आणायचा, ठेवलेला असतो. लूपमध्ये नाव मागितलं की दर प्लॉटला एक क्वेरी वेगळी. शेतकरी वेगवेगळे असतील तर झाल्या 201. टेस्टमध्ये तीनच प्लॉट, म्हणून टेस्ट पास. जानेवारीत तोडणी सुरू होते, पिंपळगावला पंधरा जण एकदम तीच यादी उघडतात आणि कनेक्शन पूल (डेटाबेसच्या तयार जोडण्यांचा साठा) आटतो, कारण तो सांभाळणाऱ्या हिकारी लायब्ररीचा डिफॉल्ट पूल दहाचा आणि तो कोणी बदललेला नसतो. उपाय एका ओळीचा, जॉइन फेच: शेतकरी प्लॉटसोबत त्याच क्वेरीत आणायचा. मग कोणीतरी हुशारी करून फवारणीच्या नोंदींची यादीही त्याच क्वेरीत जॉइन फेच करतो आणि वर पेजिंग लावतो, म्हणजे यादी पानापानाने मागतो. आता हायबरनेट (ह्या क्वेरी बनवणारी जावा लायब्ररी) सगळ्या ओळी मेमरीत ओढून तिथे पानं पाडतं आणि लॉगमध्ये फक्त एक वॉर्निंग टाकतं. ती ओळखायला ती आधी कधीतरी स्वतःच्या स्क्रीनवर पाहिलेली असावी लागते. निदान लोकलला (स्वतःच्या मशीनवर) शो-एसक्यूएल, म्हणजे प्रत्येक क्वेरी छापणारी सेटिंग, चालू ठेवा आणि यादीच्या टेस्टमध्ये पन्नास तरी ओळी भरा.

रिपॉझिटरीच्या रस्त्यालाही काटे आहेत. लीडने महत्त्वाचं तिकीट (नोंदवलेलं काम) उचललं, दुपारी सातपूरला जावं लागलं, ब्रँच (त्याची वेगळी कोड-प्रत) चार दिवस पडून आणि मागे तिघं खोळंबून. म्हणून तिकीट घेताना एकच विचारायचं: हे पाच दिवस लांबलं तर कोणी अडेल का? अडणार असेल तर हात लावू नका. कधी पास कधी फेल होणारी टेस्ट, दहा मिनिटांवर गेलेला बिल्ड, लायब्ररी अपग्रेडची चाचपणी, ही लीडची तिकिटं. वेळ मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी साडेसात ते साडेदहा, तोही घरून. द्वारका चौक ओलांडून ऑफिसात शिरलात की वेळ तुमचा राहत नाही. पुल रिक्वेस्ट दोनशे ओळींच्या आत ठेवा आणि तपासायला टीममधल्या सगळ्यात नव्या माणसाला द्या. तो ‘सर’ म्हणून सोडून देईल, तेव्हा निदान दोन शंका लिहिल्याशिवाय मंजूर करायचं नाही, असं आधीच बजावून ठेवा.

जावा 8 ह्या जुन्या आवृत्तीवर अडकलेला प्रोजेक्ट असेल तर ह्या सहा तासांना त्यापेक्षा चांगलं काम नाही. द्राक्षाचा हंगाम उरकला की जून ते सप्टेंबर क्लायंट जरा शांत असतो, तेव्हा काढा. स्प्रिंग बूट ह्या जावा फ्रेमवर्कच्या आवृत्ती 3 ला किमान जावा 17 लागतं म्हणून एकदम उडी मारू नका. आधी आहे त्याच जावावर बूट 2.7, मग 2.7 ठेवूनच जावा 17, ते प्रॉडक्शनवर दोन आठवडे चालू द्या, मग बूट 3. दुसऱ्या टप्प्यात सोपने (एक्सएमएल निरोपांच्या जुन्या पद्धतीने) जोडलेल्या जुन्या ईआरपीच्या, म्हणजे क्लायंटच्या हिशेब-साठ्याच्या सॉफ्टवेअरच्या, जोडण्या मोडतात, कारण जावा 11 मध्येच जॅक्सबी (एक्सएमएल वाचणारी लायब्ररी) जेडीकेतून, म्हणजे जावाच्या मूळ संचातून, काढलीय; तिची डिपेंडन्सी वेगळी घालावी लागते. तिसऱ्या टप्प्यात कोडमधल्या पॅकेजच्या नावांत जावाएक्सचं जकार्ता करताना सरसकट फाइंड-रिप्लेस मारलं की बिल्ड पडलाच. सर्व्हलेट, पर्सिस्टन्स, व्हॅलिडेशन बदलतात. जावाएक्स एसक्यूएल आणि जावाएक्स क्रिप्टो जेडीकेतलेच, ते तसेच राहतात.

एवढं करूनही सर्टिफिकेट हवंच वाटलं तर घ्या, माझी ना नाही. फक्त तारीख दिवाळीनंतर लगेचची घ्या. जानेवारीची घेतलीत तर पॅकहाउसचे फोन अभ्यास होऊ देणार नाहीत.