आठ महिने वंशावळीची साइट वापरून: वर्षाचा रकाना आणि चुकलेली आई

परवा कार्डावरून पुढच्या सहा महिन्यांचे पैसे परस्पर कापले गेले. तीनदा फोन केला, परतावा नाही. तेव्हा आता सगळंच लिहिते.

नवऱ्याचं आजोळ मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथकडचं. १६२० साली मेफ्लॉवर जहाजाने इंग्लंडहून १०२ प्रवासी तिथे आले आणि पहिल्या हिवाळ्यातच निम्मे दगावले. वाचलेल्यांतल्या जॉन हाउलँडपर्यंत आपलं घराणं पोचतं, असं सासूबाई सांगायच्या. (हाच तो वाटेत समुद्रात पडून दोराला धरून तगलेला.) माझ्या माहेरची नावं त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या नामावळीत मी स्वतः वाचली आहेत. मुलांची ही दुसरी बाजूही कागदावर यावी, अशी फार इच्छा होती.

१८५० पर्यंत एका संध्याकाळीच पोचले. त्याआधीच्या खानेसुमारीत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असतं, म्हणून पुढे गावोगावच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी धुंडाळायच्या. तिथेही फोटो स्वच्छ, शोध झटपट. चौथ्या महिन्यापर्यंत मी भेटेल त्याला ही साइट घ्यायला सांगत होते. तो सल्ला आता मागे घेते.

कारण वर्षाचा रकाना. इंग्रजांच्या वसाहतींत १७५२ पर्यंत नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. म्हणजे नोव्हेंबर १७१८ नंतर येणारा फेब्रुवारीसुद्धा १७१८ चाच! आमच्याकडची एक बाई नोव्हेंबरात बाळंत झाली आणि फेब्रुवारीत वारली, दोन्ही नोंदींत वर्ष १७१८. असं वर्ष १७१८/१९ लिहायची पद्धत आहे, पण या रकान्यात तिरकी रेघ चालतच नाही. साइटने लाल खूण केली: आई बाळाच्या जन्माआधी नऊ महिने मृत. मग इतरांच्या वंशावळी पाहून साइटने त्या बाईच्या नवऱ्याच्या दुसऱ्या बायकोला आई ठरवलं. हाउलँडशी नातं तर पहिलीकडूनच येतं! एका रकान्यापायी अख्खी शाखा तुटली.

पुरावा मिळाला तो फॅमिलीसर्च या वंशावळीच्या दुसऱ्या साइटवर, फुकट. प्लिमथ काउंटीच्या मृत्युपत्रांत त्या बाईच्या वडिलांनी 'माझ्या दिवंगत मुलीचा मुलगा' म्हणून या नातवाला जमीन दिली आहे. तो कागद वाचताना मला रडू आलं. तान्हं बाळ मागे ठेवून गेलेली बाई, आणि तीनशे वर्षांनी तिच्या जागी दुसरीचं नाव.

मेफ्लॉवर सोसायटीला, म्हणजे त्या प्रवाशांच्या वंशजांच्या संस्थेला, सभासद करून घ्यायला प्रत्येक पिढीचा कागदोपत्री पुरावा लागतो, दुसऱ्याच्या वंशावळीची नक्कल चालत नाही. आणखी एक: जुन्या नोंदींत सीनियर-ज्युनियर दिसले की बापलेक समजू नका. गावात एकाच नावाचे दोघे असले तरी थोरल्या-धाकट्याला तसं म्हणत.

वर्गणी बंद करते आहे. हीच साइट आमच्या गावच्या वाचनालयात फुकट बघता येते, हे मला सातव्या महिन्यात कळलं. चुकीची आई लावलेल्या अकरा जणांना मी लिहिलं, दोघांनी दुरुस्ती केली. त्या बाईच्या पानावर मृत्युपत्राचा फोटो जोडून ठेवला आहे. वर्गणी संपली तरी ते पान राहतं, एवढं शेवटच्या फोनवर विचारून घेतलं.