अडीच हजारांत कर्ज मिटवायचं कसं? नागपुरात पाहिलेल्या तीन वाटा

आधीच सांगून टाकते. दिव्यांग अनुदानावर घर चालत असेल आणि हप्ते थकले असतील, तर सगळ्यात आधी सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयाच्या आवारात जा आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं, म्हणजे मोफत कायदेशीर मदतीचं सरकारी कार्यालय विचारा. "कर्जमुक्त करून देतो" म्हणणाऱ्या कंपनीकडे नंतर जा, खरं तर जाऊच नका. माझ्याकडून या मोफत सेवेला पाचपैकी साडेचार तारे. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

माझं थोडक्यात असं: लहानपणी पोलिओ झाला, डाव्या पायात कॅलिपर (आधाराची पट्टी), प्रमाणपत्रावर 60 टक्के. मानेवाड्याला आई आणि मी, दोघीच. मला संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान मिळतं, आईला श्रावणबाळचं. ऑक्टोबर 2025 पासून आम्हा दिव्यांगांचे दीड हजाराचे अडीच हजार झाले, तेवढाच काय तो आधार. फॉल-पिको आणि ब्लाउजचे सुटे पैसे येतात, पण ते लग्नसराईवर. कर्जं तीन. एका खाजगी बँकेचं, मोटारीवर चालणाऱ्या शिलाई मशीनसाठी घेतलेलं. त्याचं मुद्दल 43 हजार राहिलं होतं, व्याज आणि दंड चढून 57 झाले. दुसरं मायक्रोफायनान्सचं, म्हणजे गल्लीतल्या बायकांच्या गटाला एकमेकींच्या भरवशावर मिळालेलं लहान कर्ज, 24 हजार. तिसरं मोबाइल अ‍ॅपवरचं, 9 हजार. आईच्या आजारपणात मशीन महिनोन्‌महिने बंद राहिली आणि गाडी तिथेच फसली.

पहिली वाट, म्हणजे सेटलमेंट कंपनी, पैसे घेऊन बँकेशी तडजोड करून देते म्हणणारी. नाव घेत नाही. फोनवर फार गोड बोलतात. "ताई, टेन्शन घेऊ नका, साठ टक्के माफ करून देतो." ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद, म्हणून तो मुलगाच खाली आला. पायऱ्यांवर बसून त्यानं टॅबवर मला हिशेब दाखवला. नोंदणीचे 4,999. मग महिन्याला 1,500 "सर्व्हिस". आणि बँकेशी तडजोड झाली की जेवढे वाचतील त्याच्या 15 टक्के. मी विचारलं, "भाऊ, बँकेशी बोलणी किती महिन्यांत होते?" तर म्हणे वर्ष-दीड वर्ष धरून चाला, तोवर हप्ते पूर्ण बंद ठेवायचे. म्हणजे अडीच हजारातले दीड हजार यांना, माझ्या हाती एक हजार, आणि तिकडे बँकेचं व्याज चढतंच आहे! करारनाम्याच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात एक ओळ होती: बँक तडजोडीला तयार होईलच याची हमी कंपनी देत नाही. चष्मा वर करून ती ओळ मी त्याला वाचून दाखवली. तो म्हणाला, "ते फॉर्मॅलिटी आहे." मी म्हटलं, मग काढून टाका. काढली नाही.

ज्यांच्याकडे पगार आहे, चार-पाच क्रेडिट कार्डं आहेत, बँकांशी भांडायला वेळ नाही, त्यांना अशी कंपनी परवडतही असेल. आपल्यासारख्यांचं गणित वेगळं. आपल्याला माफी किती मिळते यापेक्षा माफी मिळेपर्यंत खिशातून काय जातं हे मोठं.

दुसरी वाट म्हणजे सगळी कर्जं एकात बांधणं. ओळखीच्या एका एजंटानं सुचवलं: 90 हजारांचं नवं कर्ज, 24 टक्के, तीन वर्षं. हप्ता बसतो साडेतीन हजारांच्या वर, आणि शेवटी भरणा सव्वा लाखाच्या पुढे. अनुदान अडीच हजार. यावर आणखी काय लिहू!

आता तिसरी. विधी सेवा प्राधिकरण हे वकील परवडत नाही अशा गरिबांसाठी आहे एवढंच बहुतेकांना माहीत असतं. पण 1987 च्या कायद्याच्या कलम 12 मध्ये दिव्यांग व्यक्तीचा वेगळा उल्लेख आहे. उत्पन्न किती हा प्रश्नच आपल्याला लागू नाही. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) किंवा अपंगत्वाचं प्रमाणपत्र पुरतं. साध्या कागदावर अर्ज, त्याला आधार, प्रमाणपत्र, बँकेच्या नोटिसा आणि पासबुकची झेरॉक्स. फी शून्य. घरून निघणं जमत नसेल तर विधी सेवेच्या 15100 या नंबरवर फोन करून आधी विचारून घ्या, म्हणजे अर्ध्या कागदांसाठी परत फिरावं लागत नाही.

मला प्राधिकरणाच्या यादीवरच्या (पॅनेलवरच्या) वकील मॅडम मिळाल्या. त्यांनी कर्ज किती हे आधी विचारलंच नाही. नोटिशीची पाठकोरी बाजू घेतली आणि म्हणाल्या, "घरात महिन्याला काय येतं आणि काय जातं ते सांगा. औषधं, वीज, सिलिंडर, कॅलिपरची दुरुस्ती, ऑटोभाडं, सगळं." कॅलिपरचा पट्टा आणि बूट यांचा खर्च कुणी हिशेबात धरल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं. खाली उरले 700 रुपये. त्याभोवती गोल करून म्हणाल्या, "या सातशेच्या वर एक रुपयाचंही वचन कुणाला द्यायचं नाही. बँकेला नाही, गटाला नाही, मलाही नाही."

मग क्रम लावला. बँक सगळ्यात जास्त ओरडते, पण पहिला नंबर तिचा नाही, गटाचा. गटाच्या कर्जात मी चुकले तर भुर्दंड शेजारच्या बायकांवर येतो, आणि त्याच बायका माझ्या ब्लाउजच्या गिऱ्हाईक. तिथे सूट मागायची नाही, फक्त हप्ता लहान करून मुदत वाढवून मागायची. मिळाली. आता 600 भरते. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांप्रमाणे मायक्रोफायनान्सच्या कर्जात घराच्या सगळ्या हप्त्यांची बेरीज मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नये असं आहे. हे कर्ज देताना कुणी मोजलं नव्हतं, तडजोडीच्या वेळी मात्र उपयोगी पडलं.

अनुदानाच्या खात्याचं काम त्याच्याही आधी केलं. अनुदान जमा झालं की त्याच दिवशी बँकेचं ऑटो-डेबिट (हप्ता खात्यातून आपोआप कापणं) ते ओढून न्यायचं, आणि पैसे नसले की बाउन्स चार्ज. आपलं अनुदान आता डीबीटीनं (सरकारकडून थेट खात्यात) येतं, म्हणजे आधार ज्या खात्याला शेवटी जोडलंय तिथे. पोस्टमन घरी येऊन इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं उघडून देतो, आधार तिथे जोडायला सांगितलं की पुढचं अनुदान तिकडे. कर्ज ज्या बँकेचं, त्याच बँकेत अनुदान ठेवू नका, एवढं पक्कं.

इथे मॅडमनी एक गोष्ट बजावली, ती कंपनीच्या मुलानं सांगितली नव्हती. तो म्हणाला होता, ऑटो-डेबिट बाउन्स होऊ द्या, काही होत नाही. कर्ज थकणं हा दिवाणी मामला आहे हे खरं. पण चेक वटला नाही तर कलम 138 लागतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि ऑटो-डेबिट पैशाअभावी परत गेलं तरी 2007 च्या पेमेंट कायद्याच्या कलम 25 खाली तशीच फौजदारी तक्रार होऊ शकते. म्हणून खातं गुपचूप रिकामं ठेवायचं नाही. ऑटो-डेबिट रद्द करण्याचा अर्ज लेखी द्यायचा, पोच घ्यायची, आणि त्याच दिवशी बँकेला अडचणीचं पत्र द्यायचं.

मी त्यांना दिवाळखोरीचंही विचारलं. यूट्यूबवर एका भाऊंनी सांगितलं होतं की अर्ज करा, सगळं माफ. मॅडम हसल्या. 2016 च्या दिवाळखोरी कायद्यात गरिबांसाठी नव्यानं सुरुवातीची तरतूद आहे: वार्षिक उत्पन्न 60 हजारांपर्यंत, मालमत्ता 20 हजारांपर्यंत, कर्ज 35 हजारांपर्यंत. ऐकायला आपल्यासाठीच शिवलेली वाटते, पण तो भाग अजून लागू झालेला नाही, आणि माझं कर्ज त्या मापात बसतही नाही. नागपूरला चालतो तो 1920 चा जुना कायदा. त्यात कर्ज निदान पाचशे रुपयांचं हवं अशी अट आहे, म्हणजे तो किती जुना ते समजा! कोर्टात वर्षं जातात, आणि दिवाळखोर म्हणून ठरल्यावरचे निर्बंध वेगळे. माझ्यासारखीला, जिच्यामागे गटाच्या बायका उभ्या आहेत, ती वाट नाही.

राहिली बँक. जून 2023 च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार प्रत्येक बँकेला तडजोडीचं स्वतःचं धोरण ठेवावं लागतं. म्हणजे तडजोड मागणं ही भीक नव्हे, त्यांच्याकडे त्याची चौकट असते. मॅडमनी पत्र मराठीत लिहून दिलं, दीड पानाचं. रडगाणं नाही: 60 टक्के दिव्यांगत्व, अनुदान इतकं, शिल्लक 700, एकरकमी 25 हजार देऊ शकते. सोबत प्रमाणपत्र आणि पासबुक. आणि प्रकरण लोक अदालतीत, म्हणजे तडजोडीनं वाद मिटवणाऱ्या अदालतीत, दाखलपूर्व म्हणून लावलं, म्हणजे कोर्टात दावा होण्याआधीच समोरासमोर बसायचं.

लोक अदालतीत गर्दी असते, आमच्यासारख्या बँकेच्या नोटिसा घेतलेल्या माणसांची तर जत्राच. तडजोड घडवणाऱ्या पॅनेलसमोर बँकेचा अधिकारी 48 हजारांवर अडून होता. मॅडम त्याला एवढंच म्हणाल्या, "दावा लावा, जिंका, आणि मग जप्त काय करणार? शिलाई मशीन? कारागिराची हत्यारं दिवाणी संहितेच्या कलम 60 प्रमाणे जप्त होत नाहीत." तो फोन घेऊन बाहेर गेला. परत आला तेव्हा 35 म्हणाला. शेवटी 30 वर ठरलं, तीन टप्प्यांत. मामानं 18 दिले, भिशीचे 12 माझ्या नंबरला लागले होते. तडजोडीसाठी नवं कर्ज काढायचं नाही, ही मॅडमची अट होती.

सही करण्याआधी दोन गोष्टी समजून घ्या. लोक अदालतीचा निवाडा म्हणजे कोर्टाचा हुकूमनामाच, त्यावर अपील नाही. टप्पा चुकला तर बँक थेट वसुलीला जाऊ शकते. म्हणून टप्पे आपल्याला झेपतील असेच मागा, समोरचा "दोनच टप्पे करा" म्हणाला तरी मान डोलवू नका. दुसरं, सिबिलमध्ये (आपल्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीच्या अहवालात) खातं "सेटल्ड" दिसतं, पूर्ण फेडल्यासारखं "क्लोज्ड" नाही. पुढे कर्ज मिळायला त्रास होतो. मला तर हा फायदाच वाटतो.

वसुलीवाल्यांचं थोडक्यात. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. मायक्रोफायनान्सवाल्यांना तर सकाळी नऊ ते सहाच. एकदा रात्री साडेनऊला फोन आला तेव्हा मी फक्त म्हटलं, "वेळ लिहून घेतली, नाव सांगा." नाव सांगितलं नाही, पण त्या नंबरवरून रात्री पुन्हा फोनही नाही.

आता कापलेला अर्धा तारा. विधी सेवा बँकेला बोलावू शकते, बसवू शकते, पण कबूल करायला भाग पाडू शकत नाही. बँक नाही म्हणाली तर तुम्ही होता तिथेच. आणि अ‍ॅपच्या कर्जाला लोक अदालतीत फारसा उपयोग झाला नाही, कारण समोरून कुणी आलंच नाही. त्यासाठी वेगळी वाट: अ‍ॅपमागच्या कर्ज देणाऱ्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल. कर्जाच्या अ‍ॅपला तुमच्या फोनमधले नंबर चाळायची परवानगी नाही, आणि यांनी माझ्या आत्याला चंद्रपूरला फोन लावला होता, ते स्क्रीनशॉटसकट लिहिलं. 30 दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तीही फुकट. अडलं तर रिझर्व्ह बँकेचा मदतीचा नंबर 14448. माझी तक्रार तिथे पडून आहे, आत्याला फोन मात्र बंद झालेत.

बँकेचा शेवटचा टप्पा भरला आहे. पावती मिळाली, नो ड्यूज (काही बाकी नसल्याचं पत्र) यायचंय. ते आलं की सिबिलचा वर्षातला एक मोफत अहवाल काढून खात्यापुढे काय लिहिलंय ते बघणार आहे. कुणाला तडजोडीच्या पत्राचा नमुना हवा असेल तर कमेंटमध्ये सांगा, आकडे झाकून टाकते.