मारखा की पिन भाबा? खानदेशातून निघणाऱ्यांसाठी

जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम 200 मीटरवर. इथून ट्रेकला लडाखची मारखा व्हॅली की हिमाचलात किन्नौरहून स्पितीत उतरणारा पिन भाबा, हे ठरवताना बहुतेक जण खिंडीची उंची बघतात. मारखातली कोंगमारू ला ही खिंड 5200 मीटरच्या वर, भाबा खिंड 4900 च्या आसपास. म्हणजे भाबा सोपा, असा हिशेब होतो. तो चुकतो. रात्री कुठल्या उंचीवर झोपता आणि तिथवर किती दिवसांत पोचता, खरा प्रश्न तो आहे.

भाबाच्या वाटेवर शरीराला वेळ मिळतो. दिल्ली, कालका, शिमला, मग रेकाँग पिओच्या बसने वाटेत वांगतूला उतरून काफनू गाव. तेही 2400 मीटरच. पुढे मुलिंग, कारा, फुस्तिरंग करत मुक्काम 4100 पर्यंत जातो. पण काफनू सोडलं की पलीकडच्या मूदपर्यंत एकही गाव नाही. तंबू, शिधा, इंधन सगळं सोबत. कारात पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळतं, पातेल्यातली तूरडाळ दाताखाली कचकचते. छोटा कुकर न्याच. खिंडीच्या दिवशी 800 मीटर चढ, पायाखाली सुटे दगड, जुलैच्या सुरुवातीपर्यंत बर्फ. पावसाळ्यात किन्नौरचे रस्ते दरडींनी बंद पडतात, दोन दिवस जादा धरा.

मारखात गावोगावी घरगुती मुक्काम मिळतो, पाठीवर 8 किलोत भागतं. धोका सुरुवातीलाच आहे: विमानाने लेहला उतरलात की एका दिवसात थेट 3500 मीटर. दोन पूर्ण दिवस तिथे विश्रांती घ्या. त्याहून बरं म्हणजे भुसावळहून झेलम एक्सप्रेसने जम्मू, मग श्रीनगर आणि कारगिलला मुक्काम. मनालीमार्गे सरचूला झोपाल तर तिथेच 4290 मीटर होतात.

मारखाच्या वाटेवरची पुढची अवघड जागा म्हणजे निमालिंगचा मुक्काम, 4800 मीटर. हांकर गावाहून एका दमात जाऊ नका, वाटेतल्या थाचुंगत्सेला रात्र काढा. डोकं दुखून उलट्या झाल्या तर वर चढायचं नाही. चालताना तोल जायला लागला तर सकाळची वाट न बघता खाली उतरायचं. नदी सकाळीच ओलांडा, दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं. पाण्यात शिरण्याआधी सॅकचा कमरपट्टा सोडा. पडलात तर ती पटकन टाकता येते.

तोरणमाळचा घाट 10 किलो घेऊन चढलात तर पाय तयार होतात, पण विरळ हवेची सवय तिथे होत नाही. पहिल्यांदाच जाणाऱ्याने मारखा घ्यावं, कारगिलमार्गे. 4000 मीटरवर झोपून आलेल्याने आणि सोबत वाट माहीत असलेला माणूस असेल त्याने भाबा.