किलीफिशची अंडी मागवताय? पाकीट आल्या दिवशीच उघडा

आफ्रिकन किलीफिश या शोभेच्या छोट्या माशांची अंडी विकणाऱ्या भामट्याची निम्मी सोय निसर्गानेच करून ठेवली आहे. गिऱ्हाईक निदान तीन महिने तक्रारच करत नाही.

नोथोब्रँकियस, थोडक्यात नोथो, या गटातले किलीफिश टांझानिया, मोझांबिककडच्या पावसाळी डबक्यांत राहतात. डबकं आटलं की मासे मरतात, अंडी चिखलात टिकतात आणि पुढच्या पावसात पिल्लं बाहेर येतात. म्हणून ही अंडी ओलसर पीट मॉसमध्ये, म्हणजे कुजलेल्या शेवाळाच्या भुश्यात, झिपच्या पिशवीतून कुरिअरने पाठवता येतात. यातल्या झांझिबारच्या गुंथेरी जातीची अंडी साधारण तीन महिने ठेवायची, मग गार पाण्यात भिजवायची. राकोवी या दुसऱ्या जातीला त्याहून जास्त वेळ लागतो.

मी गुंथेरीची पन्नास अंडी बाराशे रुपयांना मागवली. पिशवीवर जात, ठिकाण, अंडी काढल्याची तारीख, सगळं व्यवस्थित लिहिलेलं. आतला पीट तंबाखूइतका दमट, हवा तसाच. त्यात मधाच्या रंगाचे, मिलिमीटरभराचे गोल दाणेही दिसत होते.

मुदत भरल्यावर भिजवली. पिल्लांना खायला आर्टेमिया, म्हणजे कोळंबीसारखे बारीक जिवंत जीव, तयार ठेवला होता. एक पिल्लू नाही. विक्रेत्याचं उत्तर लगेच आलं, "दादा, पाणी कोमट होतं का? परत वाळवा, महिन्याने भिजवा. डायपॉजमध्ये, म्हणजे झोपेत गेली असतील."

आता यातलं काहीही खोटं नाही, खरी मेख तिथेच आहे. किलीची सगळी अंडी एकदम फुटत नाहीत. एखादा पाऊस दगा देऊन गेला तर वंश बुडू नये म्हणून काही मागे राहतात. परत वाळवून भिजवणं ही जाणकारांचीच पद्धत. त्यामुळे त्याचा प्रत्येक सल्ला पटत गेला. दुसऱ्यांदा भिजवूनही काही निघालं नाही, तेव्हा मात्र त्याने मला ब्लॉक केलं.

ठाण्याचा एक मित्र गार्डनेरी नावाचे किलीफिश वाढवतो. त्याने पीट पांढऱ्या ताटलीत पसरला, भिंग लावलं आणि पहिलाच प्रश्न केला, "यातलं एकही पांढरं कसं पडलं नाही?" अंडी खरी असती तर काही वांझ निघतातच. ती पांढरी पडतात, त्यांना बुरशी धरते. चांगल्या अंड्यांत शेवटी शेवटी पिल्लाचे डोळे दिसतात, भोवती सोनेरी कडी. आमच्या ताटलीत सगळे दाणे स्वच्छ आणि आरपार. एक चिमट्यात धरून दाबला तर कट्कन तुकडे झाले. ते वॉटर सॉफ्टनरमधलं, पाण्याचा जडपणा काढणारं दाणेदार रेझिन होतं! डोकं बघा त्या माणसाचं. न सडणारं, अंड्याच्याच रंगाचं, किलोवर मिळणारं.

म्हणून पाकीट आल्या दिवशीच भिंगाखाली बघा. पाकीट फोडतानाचा व्हिडिओ काढा. खऱ्या अंड्याच्या कवचावर बारीक लव दिसते, आणि दाबलं तर ते काचेसारखं तडकत नाही. पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून त्याच पिशवीतल्या अंड्यांचा, त्या दिवशीची तारीख लिहिलेल्या चिठ्ठीसकट फोटो मागा. कोकोपीटमध्ये पाठवली म्हणून मात्र संशय घेऊ नका, तेही चालतं.

जिवंत मासे घेतानाही गंमती असतात. नोथोचं आयुष्य जेमतेम वर्षभराचं, तेव्हा मोठा, रंग भरलेला नर महाग मिळाला तर तुम्ही म्हातारा विकत घेताय. माद्या सगळ्या जातींच्या मळकट, एकसारख्या. भलतीच मादी जोडीत खपवणं सोपं जातं. आणि 'आफ्रिकन गोल्डन वंडर' कुणी विकत असेल तर हसून पुढे जा. तो अप्लोकायलस लिनिएटस, आपल्या पश्चिम घाटातल्या ओढ्यांतल्या माशाचा पिवळा अवतार.

फसलात तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, बाराशे रुपयांसाठीसुद्धा. मी केला तेव्हा चार महिने उलटून गेले होते. तक्रार नोंदवून घेतली, पण पैसे त्या खात्यातून केव्हाच निघून गेले होते. तो आता दुसऱ्या नावाने राकोवीची अंडी विकतोय. मुदत सांगतोय सहा महिने.