घरचा असेंबल पीसी आणि लिनक्स मिंट २२.२ : वापरून झाल्यावरचं मत

पीसी असेंबल करायचा म्हटलं की प्रोसेसर कुठला, ग्राफिक कार्ड कुठलं यावर तासन् तास बोलणं होतं आणि ऑपरेटिंग सिस्टीमचा विषय एकदम शेवटी, बिल झाल्यावर निघतो. माझं म्हणणं उलटं आहे, आधी ओएस ठरवा मग पार्ट घ्या. मी मिंट (लिनक्सवरची एक ऑपरेटिंग सिस्टीम) टाकायचं आधीच नक्की केलं होतं आणि सगळी खरेदी त्या हिशोबाने केली, म्हणून आज मशीन एवढं शांतपणे चालतंय.

मिंटच का, तर नवीन मशीनवर विंडोज ११ चालतं त्यात वाद नाही, त्याला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय वगैरे आता सगळ्या नव्या मदरबोर्डांत असतेच, पण त्याची होम आवृत्ती सेटअप करतानाच मायक्रोसॉफ्टचं ऑनलाइन अकाउंट मागते आणि मला घरच्या कॉम्प्युटरवर आईचं एक, पोरांचं एक अशी साधी लोकल अकाउंट हवी होती. मिंट हे उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर बांधलेलं आहे आणि २२ सिरीजला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. सिनॅमन डेस्कटॉप घेतला, खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ, त्यामुळे विंडोज वापरलेल्या माणसाला काही शिकवावं लागत नाही. आईला फक्त ब्राउझर कुठे आहे ते दाखवलं.

आता पार्ट. प्रोसेसर रायझन ५ ५६००जी, ६ कोर १२ थ्रेड, आणि ग्राफिक्स त्याच्या आतच. एएमडीच्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच (सिस्टीमच्या गाभ्यातच) असतो, वेगळं काही टाकावं लागत नाही, पहिल्या बूटला स्क्रीन बरोब्बर रिझोल्यूशनमध्ये येते. याचं एएम४ सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा) जुनं झालंय हे खरं, पुढे प्रोसेसर बदलत राहायचा असेल तर एएम५ सॉकेट आणि डीडीआर५ रॅमकडे जा, पण ब्राउझिंग, ऑफिसचं काम, थोडं फोटो एडिटिंग एवढ्यासाठी हा भरपूर आहे.

रॅमबद्दल मात्र नीट सांगतो कारण इथे बरेच जण फुकट स्पीड घालवतात. आतलं ग्राफिक्स रॅममधूनच मेमरी घेतं, म्हणून १६ जीबीची एक स्टिक घेण्यापेक्षा ८ च्या दोन घ्या, दोन्ही एकदम काम करतात आणि वेग वाढतो, आणि चार स्लॉटचा बोर्ड असेल तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवा, फरक डोळ्याला दिसतो. आणि ३२०० ची रॅम घेतली म्हणून ती ३२०० ला चालते असं नाही, बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी हा रॅमचा पूर्ण स्पीड देणारा पर्याय चालू करेपर्यंत ती बऱ्याचदा २१३३, २४०० अशा कमी स्पीडला पडून राहते!

जोडणीत भीती वाटावी असं एकच ठिकाण, प्रोसेसर. एएम४ च्या पिना प्रोसेसरच्याच खाली असतात. सॉकेटची दांडी वर करायची, कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि सोडायचा, तो आपल्या वजनाने खाली बसतो, बोटाने दाबायचं नाही, नाही बसला तर उचलून परत बघायचं. पुढे कधी कूलर काढायचा झाला तर सरळ वर ओढू नका, आधी थोडा वेळ मशीन चालवून गरम करा आणि हलकं फिरवत काढा, नाहीतर मधल्या उष्णता वाहणाऱ्या पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येऊ शकतो. कॅबिनेटच्या त्या बारीक वायरी, पॉवर, रीसेट, एलईडी, यात प्लस मायनस फक्त एलईडीला बघावं लागतं, बटणांना कसंही चालतं.

इन्स्टॉल करायच्या आधी पेनड्राइव्हवरनं मिंट नुसतं चालवून बघता येतं, डिस्कला हातही न लावता, आणि ही सोय मला सगळ्यात जास्त आवडते. वायफाय, आवाज, ब्लूटूथ तिथेच तपासा. अगदी ताज्या बोर्डवर वायफाय ओळखलं जात नाही असं होऊ शकतं, कारण त्या चिपचा ड्रायव्हर नव्या कर्नलमध्येच असतो (२२.२ मध्ये कर्नल ६.१४ आहे म्हणून ती किंवा तिच्यानंतरची घ्या, जुनी २२ नको), अशा वेळी फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू केलं की नेट लगेच मिळतं आणि अपडेट होतात.

टाकून झाल्यावर पहिलं काम टाइमशिफ्ट, म्हणजे सिस्टीमची प्रत जपून ठेवणारं मिंटमधलं साधन, चालू करणं. अपडेटने काही बिघडलं तर सिस्टीम आदल्या दिवसावर नेता येते. पण लक्षात ठेवा, ते फक्त सिस्टीमच्या फायली धरतं, तुमचे फोटो आणि कागदपत्रं त्यात आपोआप येत नाहीत, त्यांचा बॅकअप वेगळा घ्यायलाच हवा.

मराठीचं म्हणाल तर कीबोर्डच्या लेआउट यादीत मराठी आहेच, आणि नेहमीचं फोनेटिक किंवा इनस्क्रिप्ट पाहिजे असेल तर आयबस हे टायपिंगचं साधन आणि त्याचं भारतीय भाषांसाठीचं एम१७एन पॅकेज टाकायचं. लिब्रेऑफिसमध्ये युनिकोड मराठी व्यवस्थित दिसतं. जुन्या शिवाजी किंवा कृतिदेव फॉन्टातल्या फायली असतील तर ते फॉन्ट आणून टाकावे लागतात, नाहीतर नुसती गिचमिड दिसते.

कोणी घेऊ नये तेही सांगतो. घरात कोणी व्हॅलोरंट किंवा फोर्टनाइट खेळत असेल तर मिंट नको, त्यांचं अँटीचीट (खेळात फसवणूक पकडणारं सॉफ्टवेअर) लिनक्सवर चालत नाही. स्टीमवरचे बाकी पुष्कळ गेम प्रोटॉनमुळे, म्हणजे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या स्टीमच्याच सोयीमुळे, मस्त चालतात. फोटोशॉपवर पोट असेल किंवा ऑफिसातून मॅक्रो भरलेल्या एक्सेल फायली येत असतील तरी विंडोजच ठेवा, उगाच रोजची झटापट नको. ४के मॉनिटरवर १२५ किंवा १५० टक्के स्केलिंग (अक्षरं-चित्रं मोठी करणं) लागणाऱ्यांनीही आधी पेनड्राइव्हवरनं बघून घ्यावं, सिनॅमनमध्ये ते अजून प्रायोगिकच आहे.

एनव्हिडियाचं कार्ड असेल तर ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर टाका. सिक्युअर बूट (सही असलेलंच सॉफ्टवेअर बूटला चालू देणारी बायोसची सोय) चालू असेल तर तेव्हा एक पासवर्ड ठेवायला सांगतात आणि रीबूटनंतर निळी स्क्रीन येते, ती दहाच सेकंद थांबते, तेवढ्यात कुठलीही की दाबून एनरोल एमओके (ड्रायव्हरची सही मान्य करायचा पर्याय) निवडायचं आणि तोच पासवर्ड द्यायचा. ती स्क्रीन हुकली तर ड्रायव्हर लोड होत नाही.

दोन्ही ओएस ठेवायच्या असतील तर दोन वेगळ्या एसएसडी घ्या, विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप बंद करा नाहीतर त्या ड्राइव्हवर मिंटमधून काही लिहिता येत नाही, आणि घड्याळ पुढेमागे व्हायला लागलं तर मिंटच्या टर्मिनलमध्ये हार्डवेअर घड्याळ लोकल टाइमवर लावा, एका ओळीचं काम आहे.