घरचं युरिक ॲसिड मीटर, आठ महिन्यांनंतर

आधी मीटरबद्दल, मग बाकीचं. रक्तातलं युरिक ॲसिड (शरीरात तयार होणारा एक टाकाऊ पदार्थ) मोजणारं, मी घेतलेलं यंत्र शुगर तपासायच्या यंत्रासारखंच आहे. बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब पट्टीला लावायचा आणि थोडं थांबायचं, की आकडा येतो. यंत्र फार महाग नाही, पट्ट्या महाग आहेत. पहिल्या आठवड्यात नव्या खेळण्यासारख्या 8 पट्ट्या उडवल्या. तसं करू नका.

मला हे घ्यावं लागेल असं कधी वाटलं नव्हतं. वय 46, पूर्ण शाकाहारी, दारूला हात नाही. सातपूरला एमआयडीसीत नोकरी, दिवसभर पायावर उभा. गेल्या श्रावणात तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकला ब्रह्मगिरीची फेरी केली, छोटी, 20 किलोमीटरची. उपवास होता. पाऊस असल्याने तहान जाणवली नाही आणि पाणीही जेमतेम प्यायलो. मंगळवारी रात्री दोन-अडीचला जाग आली ती डाव्या अंगठ्याच्या ठणक्याने. अंगठ्याचं मूळ लाल, टरटरून सुजलेलं. पलीकडच्या खोलीत मुलगी पाणी प्यायला उठली, तर तिच्या पावलांचे हादरे अंगठ्यात कळत होते.

घरात एकमत झालं, चालून मुरगळला. हळद-तुरटीचा गरम लेप लावला आणि सकाळपर्यंत देवाचं नाव घेत बसलो. (नंतर कळलं की शेक नाही, बर्फ.) पहिल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, हाड ठीक होतं. रक्त तपासलं, युरिक ॲसिड 6.3. रिपोर्टवर वरची मर्यादा 7.2 छापलेली, म्हणजे नॉर्मल. जंतुसंसर्गाच्या गोळ्या घेऊन घरी आलो. आठवड्याने दुखणं आपोआप ओसरलं आणि श्रेय त्या गोळ्यांना मिळालं.

दुसऱ्या डॉक्टर संधिवाताच्या. त्यांनी अंगठा पाहिला, ब्रह्मगिरीची हकिकत ऐकली आणि म्हणाल्या, "ऐन झटक्यात हा आकडा खाली येऊ शकतो. दुखणं गेल्यावर दोन आठवड्यांनी परत तपासू." तपासलं, 9.2. गाउट, म्हणजे युरिक ॲसिड वाढून त्याचे स्फटिक सांध्यात साचण्याचा आजार. आपल्याकडे वातरक्त म्हणतात तेच.

मग सगळ्यांचा पहिला प्रश्न: "किती घेता?" नाशिकला राहतो म्हटल्यावर वायनचा विनोद ठरलेलाच. शाकाहारी आहे म्हटलं की संशय डाळीवर. बायकोने महिनाभर तूर, पालक, टोमॅटो, मटकी सगळं बंद केलं. शेजारच्या काकूंनी खायचा सोडा पाण्यातून घ्यायला सांगितला. मला बीपी आहे, सोडा म्हणजे सोडियम, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

खरा धागा बीपीच्याच गोळीत होता. तिच्या नावापुढे 'एच' होतं, म्हणजे हायड्रोक्लोरोथायाझाइड. ते लघवीवाटे पाणी काढतं, पण युरिक ॲसिड मात्र मूत्रपिंडात अडवून ठेवतं. डॉक्टरांनी ती बदलून लोसार्टन दिली, ती उलट युरिक ॲसिड थोडं उतरवते. (बीपीची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, मी केली नाही.) बाकीचा वाटा वारशाचा. शरीरात तयार होणाऱ्या युरिक ॲसिडपैकी साधारण दोन तृतीयांश मूत्रपिंड बाहेर टाकतं, आणि बहुतेक रुग्णांची गाडी तिथेच अडते. पथ्याने आकडा उतरतो तो एखाद्या अंकाने. 9.2 मधून एक वजा केला तरी 8.2. रक्तात 6.8 च्या वर गेलं की स्फटिक जमू लागतात, म्हणून लक्ष्य 6 च्या खाली. हा हिशेब मांडल्यावर डाळीवरचा राग गेला.

युरिक ॲसिड उतरवणारी गोळी सुरू झाली, फेबुक्सोस्टॅट 40, सोबत झटका टाळायला रोज कोल्चिसिन 0.5. आणि तिसऱ्या आठवड्यात उजवा घोटा धरला! मी चिडून दोन्ही बंद केल्या. या आठ महिन्यांतला सर्वांत मोठा मूर्खपणा हाच. आकडा उतरू लागला की सांध्यात साचलेले स्फटिक विरघळताना सुटतात आणि झटका येतो. गोळी लागू पडत असल्याचीच ती खूण असते, आणि त्यासाठीच कोल्चिसिन काही महिने जोडीला देतात. डॉक्टरांनी सांगितलं असेलही, मी ऐकलं नव्हतं. महिना वाया गेला आणि नोव्हेंबरात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. कोल्चिसिनने पहिले काही दिवस पोट बिघडलं, मग सवय झाली. डिसेंबरात एक हलका झटका, त्यानंतर अजून तरी शांतता. जानेवारीत लॅबचा आकडा 5.4. मध्ये लिव्हरची तपासणीही झाली, तीही नीट.

कारखान्यात सेफ्टी शूज सक्तीचे, पुढे लोखंडी टोपी. सुजलेला अंगठा त्यात घालणं काय असतं ते लिहीत नाही. आता डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एक नंबर मोठा, रुंद पंजाचा जोड मिळालाय. या आजारात मीटरपेक्षा माझ्या जास्त उपयोगी पडलेली वस्तू तीच.

तर मीटर. एकाच सकाळी घरी 5.8 आणि लॅबमध्ये 6.5 आलं. म्हणजे दशांशावर भांडायचं नाही, कल पाहायचा. झटक्यात बघून खूश व्हायचं नाही, ते मी फुकट शिकलो नाही. पण घरातली भांडणं त्याने मिटवली. चार दिवस रोज तुरीचं वरण खाल्लं, आकडा हलला नाही. मटकीनेही नाही. त्या रविवारी कॉलेज रोडला जाऊन तर्रीवाली मिसळ खाल्ली, दोन पाव जास्त. फेब्रुवारीत दिंडोरीहून साडूंनी द्राक्षांची पेटी पाठवली, दोन दिवसांत किलो-दीड किलो संपवली आणि मीटरवर 6.9. मीटरची चूक असेल, फळातल्या फ्रुक्टोजची असेल. आता वाटीभर खातो, आणि बाटलीतले गोड ज्यूस पूर्ण बंद. ताक मात्र भरपूर.

घ्यावं का? गोळीचा डोस ठरलेला असेल आणि दर तीन महिन्यांनी लॅबला जात असाल, तर गरज नाही. माझ्यासारखा संशयी स्वभाव असेल तर घ्या, पण पट्ट्यांची छोटी डबी, आणि एक्सपायरी बघून.

एक गोष्ट राहिली. अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, कोपरावर लिंबाएवढी गाठ आहे. वर्षातून दोनदा त्यांचा अंगठा "वाताने" धरायचा, आम्ही लहानपणापासून पाहतोय, कुणी तपासलं नाही. मार्चमध्ये त्यांच्या बोटाला टोचलं, 8.7. संधिवाताच्या डॉक्टरांकडे न्यायला तीन आठवडे लागले, कारण "चाळीस वर्षं काही झालं नाही." आता त्यांनाही गोळी सुरू आहे, पहिला झटकाही येऊन गेला, आणि मी शेजारी बसून "बंद करायची नाही" एवढंच म्हणत होतो. 25 पट्ट्यांच्या दुसऱ्या डबीत 4 उरल्यात. अण्णा दर रविवारी आंघोळ करून, बोट पुढे करून बसतात.